जॅझचे नातेवाईक

फोन उचलल्यावर ते 'हॅलो' म्हणायचे नाहीत. "कुणाचे तुम्ही?" असं विचारायचे. टोरंटोत! समोर बँकेतली बाई असो, विमा विकणारा असो, फर्नेस दुरुस्त करणारा असो, पहिला प्रश्न हाच. इंग्रजीत तर तो आणखीच विचित्र व्हायचा. "हूज आर यू?" समोरचा बिचारा म्हणायचा, "सॉरी सर, यू मीन हू?" "नो. हूज."

पहिल्या भेटीत मलाही त्यांनी हेच विचारलं. मी म्हटलं, "मी कुणाचीच नाही. भाडेकरू संघटनेची आहे." त्यांना माझं उत्तर आवडलं नाही, मला त्यांचा प्रश्न आवडला नाही. ओळख झाली ती अशी.

नॉर्थ यॉर्कमधल्या एका इमारतीच्या बेसमेंटमध्ये छोटं कम्युनिटी रेडिओ स्टेशन होतं. पगार कुणालाच नाही, हीटर एकच, आणि तोही माइकपासून लांब. शनिवारी दुपारी मी तिथे जाऊन पाच-दहा मिनिटं बोलायचे. घरमालक ऐन थंडीत हीटिंग कमी करू लागला तर गप्प बसू नका. तोंडी सांगितलं म्हणून खोली सोडू नका. एका बेसमेंटमध्ये आठ पोरं कोंबणाऱ्याला उपकारकर्ता म्हणू नका. माझं संपलं की त्यांचा तास सुरू व्हायचा. वेळापत्रकात त्याचं नाव होतं 'जॅझ अँड रिलेटेड म्युझिक'. कुणीही याचं मराठी 'जॅझ आणि संबंधित संगीत' असं करेल. त्यांनी केलं होतं, 'जॅझ आणि जॅझचे नातेवाईक'.

आणि वाजवायचे काय, तर प्रोग्रेसिव्ह रॉक. मला तेव्हा त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सत्तरच्या दशकात तिकडे इंग्लंड-युरोपातल्या लांब केसांच्या पोरांनी रॉकची गिटार घेतली, तिच्याजवळ ऑर्गन आणून ठेवला, बासरी आणली, सॅक्सोफोन आणला आणि तीन मिनिटांचं गाणं ताणून रेकॉर्डची अख्खी एक बाजू भरून टाकली. ताल मध्येच बदलतो. मान डोलवायला लागावं तर मान चुकते. असं ते संगीत. ते जॅझचं नातेवाईक आहे की नाही, हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता. मी वाढवून सांगत नाहीये. आमच्या आयुष्याचे प्रश्न भाडं आणि पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना. त्यांच्याकडे पासपोर्ट होता, मिसिसागात स्वतःचं टाउनहाउस होतं, लिफ्टच्या कंपनीतून ते इंजिनियर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्याकडे एवढा एकच प्रश्न शिल्लक होता.

मी त्यांना पहिल्याच दिवशी 'काका' म्हटलं. इथे आपल्याकडचा कुणीही पिकल्या केसांचा माणूस दिसला की आपण काका म्हणतो. ते एकदम ताठ झाले.

"मी तुझ्या बापाचा भाऊ आहे काय?"

"नाही."

"मग? इथे जो तो काका. व्हॅनमधून सामान उतरवायला आलेला पोरगासुद्धा काका म्हणून गेला. फुकटात वाटायची वस्तू आहे काय ती?"

"मग काय म्हणू?"

"नावाने हाक मार की."

ते माझ्याच्याने होईना. आजही होत नाही, म्हणून इथेही नाव नाही. मी नुसतं 'अहो' म्हणायला लागले. त्यावरून आमच्या संघटनेतल्या पोरी मला वर्षभर चिडवत होत्या.

मी अकोल्याची. ते त्यांना कळलं तेव्हा खूश झाले. "म्हणजे तू वऱ्हाडी. आणि मी वाजंत्री!" मला वाटलं, जुना विनोद मारताहेत. तो विनोद नव्हता. त्यांचे वडील मिरजेकडे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लहानपणी हे त्यांच्या मागे मागे खुळखुळे हलवत चालायचे. "वरातीत सगळ्यांच्या पुढे कोण? आम्ही. नवरदेवाच्याही पुढे. आणि पंगतीत? मांडवाच्या मागे, शेवटी, उरलं तर. लग्न आमच्याशिवाय लागायचं नाही, पण त्या लग्नात आम्ही कुणाचे कुणी नाही." हे सांगताना आवाजात दुःखबिख काही नसायचं. यंत्राचा बिघाड समजावून सांगावा तसं सांगायचे. राग मलाच यायचा. मी म्हणायचे, यावर बोला ना रेडिओवर, हे खरं बोलण्यासारखं आहे! ते म्हणायचे, "त्याचा तास वेगळा. हा जॅझचा."

त्यांचं घर विमानतळाजवळ. वाऱ्याची दिशा फिरली की विमानं थेट छपरावरून उतरायची. ते रेकॉर्ड ऐकत असले की विमानाचा आवाज सुरू होताच सुई उचलायचे, विमान जाईपर्यंत हात हवेत धरून उभे राहायचे, मग सुई थोडी मागे नेऊन पुन्हा टेकवायचे. वीस मिनिटांचा तुकडा ऐकायला दुपार जायची. मी म्हटलं, "हेडफोन लावा ना." म्हणाले, "हेडफोन लावल्यावर घरात कुणी आलं तर कळणार कसं?"

घरात कुणी येत नव्हतं. बायको पुण्याला परत गेली होती, थंडीला कंटाळून, असं ते सांगत. थंडीला कंटाळलेली माणसं उन्हाळ्यात तरी येतात. मुलगा व्हँकुव्हरला. हे त्याला मराठीत तावातावाने सांगायचे की अमुक रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला ड्रमरचा उजवा हात ऐक, तो सरळसरळ जॅझमध्ये वाढलेला हात आहे. तिकडून उत्तर यायचं, "कूल, डॅड." दर वेळी. कूल, डॅड.

स्नो पडला की ते ड्राइव्ह-वे सात मात्रांत शोव्हल करायचे, म्हणजे फावड्याने बर्फ काढायचे. तीन, दोन, दोन. तीनला लांब ढकलायचं, दोन-दोनला बाजूला टाकायचं. शेजारचा माणूस खिडकीतून बघायचा आणि हात हलवायचा. यांनी एकदा त्याला बोलावून सांगितलं की चारात शोव्हल करणाऱ्याची कंबर लवकर जाते. तो म्हणाला, "गुड टु नो!" आणि आत गेला.

आता कुणाला वाटेल, आवडतं ते सगळं जॅझच्या खात्यात घालणारा हट्टी माणूस असेल. तसं नव्हतं. उलट ते भयंकर कडक होते. बँडमागून बँड तपासायचे. हा सख्खा, हा चुलत, हा सोयरा. "यात सॅक्सोफोन आहे, पण नातं नाही. सॅक्सोफोन असला म्हणून जॅझ होत असतं तर आमच्या बाबांचा बँडही जॅझ झाला असता." त्यांची कसोटी एकच. वाजवता वाजवता एकाने काही वेगळं केलं, तर बाकीचे त्याचं ऐकून आपला बेत बदलतात का? बदलत असतील तर रक्त जॅझचं. सगळे कागदावर लिहिलेलंच वाजवत असतील तर कितीही अवघड असू दे, ते परक्याचं घर. त्यांचा सगळ्यात लाडका बँड या कसोटीत नापास झाला होता. तो त्यांनी त्या तासात कधीच वाजवला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "जीव लागला म्हणून नातं जडत नाही गं." मला हा मूर्खपणा वाटला. तुमचा तास, तुमचा माइक, वाजवा की! पण नाही.

आणि या सगळ्याला उत्तर देणारा जगात एकच माणूस होता.

तो स्कारबरोत राहायचा. मूळचा कॅरिबियन बेटांवरचा, तरुणपणी नाचघरांतून ट्रम्पेट वाजवलेला, आता म्हातारा. दर शनिवारी पहिला तुकडा संपता संपता त्याचा फोन यायचा आणि हे तो थेट प्रक्षेपणावर घ्यायचे. स्कारबरोवाले सुरुवातच अशी करायचे, "दॅट, माय फ्रेंड, इज नॉट जॅझ." मग जुंपायची. स्कारबरोवाले म्हणायचे, जॅझ नाचायला जन्मलंय, तुझ्या या सातवर नाचायला तिसरा पाय लागेल. हे म्हणायचे, तुम्ही लोक नाचायचं बंद करून खुर्चीत बसून ऐकायला लागलात, तेव्हा जॅझ मेलं होतं का? ते म्हणायचे, यात ब्लूज कुठाय, दुःख कुठाय? या पोरांना दुःख कसलं, शाळेची फी बापाने भरलेली! हे म्हणायचे, दुःखाचं सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय आत घेत नाही का तुम्ही? मी कोट घालून निघालेली असायचे ती दारातच थांबायचे. मला संगीत कळत नव्हतं, पण भांडण कळतं. हे उत्तम भांडण होतं. दोघंही एकमेकांचं ऐकून आपला बेत बदलत होते.

एकदा यांनी तेच वाक्य टाकलं, की सॅक्सोफोन-क्लॅरिनेट असल्याने जॅझ होत असतं तर माझे वडीलही जॅझवाले झाले असते. स्कारबरोवाल्यांनी विचारलं, वडील काय वाजवायचे? यांनी सांगितलं. वरात, उन्हात चालणं, लोक मध्येच फर्माईश ओरडणार, की चाल बदलून लगेच ते उचलायचं, सगळ्यांनी, न थांबता.

 तिकडून आवाज आला, "वेल. युअर फादर आय वुड लेट इन."

तुझ्या बापाला मी आत घेईन.

स्टेशनवर एक नियम होता, हवेत शांतता पडू द्यायची नाही. त्या दिवशी पडली. चांगलीच पडली. काचेपलीकडून तंत्रज्ञ हात हलवत होता. हे माइकसमोर नुसते बसून होते. शेवटी म्हणाले, "थँक यू. नाऊ लिसन टु धिस," आणि पुढची रेकॉर्ड लावली. ती उलटी बाजू होती. त्यांच्या हातून झालेली तेवढी एकच चूक मी पाहिली.

हे दोघं कधी भेटले नव्हते. एकमेकांचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. नंबर स्टेशनचा.

त्याच हिवाळ्यात स्टेशनवर नवीन कार्यक्रम समिती आली आणि तिने वेळापत्रक 'स्वच्छ' करायला घेतलं. जॅझचा तास म्हणायचं आणि रॉक वाजवायचं, हे श्रोत्यांना गोंधळात टाकणारं आहे, असं त्यांचं म्हणणं. तास का चालू ठेवावा, ते सभेत येऊन सांगा.

मी पेटले. साहजिक होतं. मी पत्रक लिहिलं, माझ्या पद्धतीने. स्थलांतरितांचा आवाज कोण बंद करतंय? जॅझ म्हणजे काय, हे ठरवायचा मक्ता कुणी कुणाला दिला? आज यांचा तास, उद्या तुमचा! छापलं, सभेच्या दारात उभी राहून वाटलं. लोकांनी घेतलं, माना हलवल्या, काहींनी सह्या केल्या. यांनीही एक घेतलं, चष्मा वर करून वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. 

समितीच्या अध्यक्षबाई गोड होत्या. मोठी शाल, मऊ आवाज. त्यांनी विचारलं, 'रिलेटेड' म्हणजे तुमच्या मते काय?

हे उभे राहिले. तयारी करून आले होते. त्यांनी सांगितलं की आमच्यात नातं आवडीवर ठरत नाही. घरात कुणी गेलं की सुतक येतं, काही दिवस काही गोष्टी करायच्या नसतात, आणि ते कुणाला लागतं आणि कुणाला लागत नाही, हे ठरलेलं असतं. ज्याला सुतक, तो नातेवाईक. मग भांडण असू दे, तोंड बघत नसू दे. तर माझा प्रश्न असा, की उद्या जॅझमधलं काही मेलं, तर या बँडच्या वाजवण्यात काही बंद पडेल का? ज्याच्यात बंद पडेल, तो रिलेटेड. आता मी चार तुकडे वाजवून दाखवतो, दोन होयचे, दोन नाहीचे.

"दॅट्स सो ब्यूटिफुल," अध्यक्षबाई म्हणाल्या.

सगळे हळहळल्यासारखे हसले. कुणीतरी टाळी वाजवली. तुकडे कुणी ऐकलेच नाहीत. दहा मिनिटांत ठराव झाला. जॅझचा तास जॅझलाच राहील, दुसरं कुणी चालवेल. यांना मात्र रविवारी सकाळी वारसा-संगीताची वेळ. आपल्या संस्कृतीबद्दल, तुमच्या त्या सुंदर चालीरीतींबद्दल बोला, वडिलांच्या बँडबद्दल बोला. अध्यक्षबाईंच्या हातात माझं 'स्थलांतरितांचा आवाज'वालं पत्रक होतं.

"मॅडम," हे म्हणाले, "आय ॲम नॉट टॉकिंग अबाउट माय कल्चर. आय ॲम टॉकिंग अबाउट द राइट हँड ऑफ द ड्रमर."

"ॲब्सोल्यूटली," बाई म्हणाल्या.

त्यांनी रविवार घेतला नाही. गाडीत बसल्यावर मी फाडफाड बोलायला लागले. "अहो, घ्या ना ती वेळ! एकदा माइक हातात आला की काय वाजवायचं ते वाजवा. कोण बघतंय?"

"मी बघतोय की."

"तुमच्यासाठी मी एवढं केलं."

वायपर चालू होता. ४०१ हायवेवर सगळा चिखल झालेला बर्फ काचेवर उडत होता. मग ते म्हणाले, "तू मला वाचवायला गेलीस आणि माझा महाराष्ट्र करून टाकलास."

मी आजही म्हणते, ती वेळ घ्यायला हवी होती. मिळालेली जागा सोडायची नसते, लढाई आतून लढायची असते. त्या दिवशीही मी हेच म्हणाले.  पण त्या समितीबद्दलचा माझा राग मात्र वेगळाच होता, आणि तो अजून गेलेला नाही. कुणी त्यांना 'नाही' म्हटलंच नाही. तुमचं म्हणणं चूक आहे, या कारणासाठी चूक आहे, असं एकाही माणसाने म्हटलं नाही. ब्यूटिफुल म्हणून बाहेर काढलं.

तास गेला तसे स्कारबरोवालेही गेले. मी स्टेशनला फोन करून त्यांचा नंबर मागितला. प्रायव्हसी, म्हणाले. मी म्हटलं, मग यांचा नंबर त्यांना द्या. तेही बसत नाही, म्हणाले. नवीन तासाला ते फोन करतात का? नाही, आता कुणीच करत नाही.

मग मला जे येतं ते मी केलं. पत्रक. या वेळी मजकूर त्यांनी सांगितला, एकही शब्द बदलायचा नाही या अटीवर. 'ट्रम्पेटवाले गृहस्थ, तिसऱ्या पायाबद्दलचा तुमचा मुद्दा चूक आहे. का, ते फोन केल्यास सांगेन.' खाली फाडून नेण्यासारख्या पट्ट्यांवर नंबर. स्कारबरोभर मी बसस्टॉपवर, खांबांवर, लाँड्रीत ते चिकटवलं. बोटं बधिर झाली.

फोन आले. भरपूर आले. पट्ट्या पाहून प्रत्येकाला एकच वाटलं, की ही भाड्याच्या खोलीची जाहिरात आहे. वरचं कुणी वाचलंच नव्हतं. "इज द बेसमेंट स्टिल अव्हेलेबल?" "लाँड्री इन्क्लुडेड आहे का?" "अंकल, दो लोग रह सकते हैं?" मी जाऊन बसायचे तेव्हा फोन वाजला की ते पटकन उठायचे, आणि मग माझ्याकडे बघून मान हलवायचे.

ट्रम्पेटवाल्यांचा फोन आला नाही. ते घर बदलून गेले असतील, आजारी असतील, किंवा नुसते त्या रस्त्याने जात नसतील. मला माहीत नाही. हे शहर असं आहे की ते कळायची सोय नाही.

शेवटी त्यांनी बेसमेंट खरंच भाड्याने दिलं. नांदेडच्या एका विद्यार्थ्याला, कॉलेज सांभाळून विमानतळाजवळच्या वेअरहाउसात शिफ्ट करणाऱ्या. भाडं माफक, हीटिंग चोख, एवढं मी स्वतः जाऊन तपासलं. पोरगा सज्जन. फारच सज्जन.

बर्फ वितळायला लागल्यावर एका दुपारी मी गेले. रेकॉर्ड चालू होती. पोरगा शिफ्टला निघाला होता, बूट घालता घालता थांबला.

"कसं आहे हे?" यांनी विचारलं.

"नाइस आहे, काका."

"काका म्हणायचं नाही."

"ओके, काका," म्हणून तो गेला.

"बघितलंस?" ते म्हणाले. "सगळ्याला नाइस. काल मिक्सर चालू होता, मुद्दाम विचारलं, हे कसं आहे? म्हणे नाइस."

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी रेकॉर्ड बदलली, नीट पुसून नवी लावली.

"तू ऐक. तू भांडखोर आहेस. माझ्यासाठी एवढं सगळं केलंस, पण तुझं मत कधी सांगितलं नाहीस. पूर्ण ऐक आणि सांग. हे जॅझचं कुणी लागतं का?"

मी पूर्ण ऐकलं. फोन बंद ठेवून, हात मांडीवर घेऊन. ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते, म्हणजे मला सुचू द्यायला. तुकडा संपला. सुई आतल्या वर्तुळात खरखरत राहिली.

"नाही," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा असा उजळला! इतक्या महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता. खुर्ची पुढे ओढली, चष्मा काढून हातात घेतला, एकदम तरुण झाल्यासारखे पुढे वाकले.

"का नाही?"

मी तोंड उघडलं. घरभाड्यावर मला कधीही, कुणासमोरही, तासभर बोलता येतं. इथे शोधलं तर एकही शब्द नव्हता. मी फक्त त्यांना हवं म्हणून 'नाही' म्हटलं होतं.

"असंच," मी म्हटलं. "वाटलं."

ते थांबले. आणखी काही येईल म्हणून थांबले, बराच वेळ. मग चष्मा घातला, सुई उचलली, रेकॉर्ड पाकिटात सरकवली.

"साखर किती घालू?" त्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं.